काम दिसतं कुठं?

सुट्टीचे दोन दिवस चकलांब्याहून हिंजवडी बघायला गेलो होतो, हे कळल्यावर एका जुन्या स्नेह्यांनी विचारलं, “तिथं बघण्यासारखं काय आहे? काचा?” प्रश्न सहजच होता, पण डोक्यातून जाईना.

पाथर्डी, करंजीचा घाट, नगर, शिरूर, वाघोली ही वाट आपल्याकडं घरोघरी पाठ आहे. कुणाचा मुलगा तिकडं कंपनीत, कुणाचा गेटवर सिक्युरिटीला. ते नव्यानं सांगायला नको.

स्नेह्यांचं म्हणणं असं की, सुट्टी घालवायची तर वेरूळ, पैठण, शनिवारवाडा बघावा. कामाच्या जागी जाऊन काय बघायचं? हे मला मुळीच पटत नाही. शनिवारवाड्यातून राज्याचा कारभार चालायचा, म्हणजे तीही कामाचीच जागा. आणि पैठणला गेलेला माणूस जायकवाडी बघितल्याशिवाय परत फिरतो का? 1965 साली पायाभरणी आणि 1976 साली उद्घाटन झालेलं ते धरण काही सहलीसाठी बांधलं नव्हतं. तरी त्याच्या 27 दरवाजांतले काही उघडले, की गेवराईकडची माणसं गाड्या करून पाणी बघायला जातात.

म्हणून मी जागांची वाटणी वेगळी करतो: जिथलं काम डोळ्यांना दिसतं त्या, आणि जिथलं दिसत नाही त्या. गुऱ्हाळावर उभं राहिलं की चरकातला ऊस, काहिलीतला उकळता रस, वर येणारी मळी, सगळं समोर असतं. लहान पोरालाही कळतं की गूळ कसा झाला. पुण्यात सी-डॅकनं 1991 साली परम 8000 हा महासंगणक उभा केला, तेव्हा बोट दाखवायला निदान एक यंत्र होतं. हिंजवडीत एमआयडीसीनं वसवलेल्या आयटी पार्कात मी सकाळभर हिंडलो. टपरीवर रंगीत पट्ट्यांची ओळखपत्रं गळ्यात घातलेली पोरं-पोरी चहाचा कप एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात घेऊन उभी होती. एकजण कप कठड्यावर ठेवून कुणाला तरी “आजच देतो, सर” असं परत परत सांगत होता. काय देणार होता, ते काही दिसलं नाही.

याच हिंजवडीत म्हातोबाची यात्रा भरते. हनुमान जयंतीला बगाड निघतं आणि हिंजवडीहून वाकडला जातं. चैत्राच्या उन्हात, आयटीच्या वाहनांनी एरवी तुंबणाऱ्या त्या भागात हजारो माणसं बगाडामागं चालतात. मानाची घराणी आपापलं काम पिढ्यान् पिढ्या सांभाळतात; कुणी काय करायचं, हे आधीच ठरलेलं असतं. विषय भरकटला खरा, पण गाव अजून जागेवर आहे, हे सांगितल्याशिवाय मला पुढं जाववेना.

मी निघालो तेव्हा मनात होतं की, आपल्या शाळांच्या सहली हिंजवडीला न्याव्यात. आता तसं वाटत नाही. तिथं केलेलं काम तिथं दिसतच नाही. असल्या कामाचं जे व्हायचं ते आपल्याकडं दिसतं. 2021 पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं आपल्या गटात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढून नोंद करायची. गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाला रेंज सापडत नाही, पडद्यावरचं चाक फिरत राहतं, आणि मुदत जवळ येते. रेशन दुकानात कोयता धरून घासलेला अंगठा यंत्राला ओळखू येत नाही. बाई पदराला बोट पुसून पुन्हा टेकवते. ज्यांनी हे घडवलं त्यांना मी दोष देत नाही. तलाठ्याच्या दारातले हेलपाटे यामुळंच कमी झाले, हेही मी बघितलं आहे. पण आपल्या हातच्या कामाचं पुढं काय होतं, हे त्यांना त्या काचेआडून दिसणं शक्य नाही.

तेव्हा सुट्टी काढून प्रवास करायचा तो त्यांनी. ऑगस्टात, खरिपाची पीक पाहणी चालू असताना, दोन दिवस चकलांब्याला यावं. राहण्या-जेवणाची काळजी नको. येताना आपलाच फोन आणावा आणि पाऊस उघडल्यावर कपाशीत उभं राहून एका गटाची नोंद स्वतः करून बघावी.