वाटेत गेलेली वीज

आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडे, जैनथ मंडळातल्या एका गावात दोन भावांची शेतं लागून होती. काळी जमीन. पावसाळ्यात कापूस आणि तूर, हिवाळ्यात हरभरा. वडील होते तोवर शेत एकच होतं. ते गेले, वाटणी झाली, आणि विहीर थोरल्याकडे आली तर विजेची डीपी धाकट्याच्या बांधावर राहिली. त्यावरून बोलाचाली झाली आणि पुढे बोलणंच बंद पडलं.

डीपीपासून विहिरीपर्यंत सरळ अंतर २२० मीटर, पण ती वाट धाकट्याच्या शेतातून जाणारी. थोरल्याने बांधाबांधाने फेरा घालून ४०० मीटर केबल ओढली. लांब केबलीला पैसा जास्त लागतो, म्हणून बारीक घेतली, अडीच चौरस मिलिमीटरची, अॅल्युमिनियमची. कमी पडली तिथे जुने तुकडे पीळ मारून जोडले आणि वर काळी पट्टी गुंडाळली.

धाकट्याचा बोअर डीपीला लागूनच, त्यामुळे त्याच्या पाटाला भरपूर पाणी असायचं. थोरल्याची पाच एचपीची मोटर मात्र कण्हत चालायची. दोन हंगामांत ती दोनदा जळाली, दोनदा भरून आणली. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज आहे, तेव्हा सरकारला बोल लावायची सोय नव्हती. बोल लागला धाकट्याला.

थोरल्याकडे पुरावाही होता. स्टार्टरवरचा व्होल्टेजचा काटा मोटर बंद असताना ४१० दाखवायचा आणि बटण दाबलं की खाली यायचा. “वीज पुरी येते. मी मोटर लावली की तोही लावतो आणि माझा वाटा ओढतो,” असं तो चारचौघांत सांगायचा. मग ईर्ष्येने साडेसात एचपीची मोटर आणली. तिने तर पाणी आणखी कमी दिलं, आणि हरभरा फुलावर असताना तीही तापून बंद पडली.

या वेळी मोटर भरणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीने गुंडाळी भरून दिली, पण नुसती हातात ठेवली नाही. “चला, शेतात बघू,” म्हणाला आणि मोटरीबरोबर गाडीत बसला.

मोटर विहिरीवर बसली. मिस्त्रीने आधी धाकट्याची मोटर बंद ठेवायला निरोप पाठवला. थोरल्याने बटण दाबलं. काटा ४१० वरून थेट ३३० वर आला. धाकट्याची मोटर बंदच होती.

“आता बोला, कोण ओढतंय?” मिस्त्री म्हणाला. थोरला गप्प.

मिस्त्रीने प्रवाह मोजायचा टाँग टेस्टर एकेका तारेला लावला. १२ अँपिअर. मग मोटर बंद करून, डीपीवरचा स्विच खाली ओढून तो केबलीच्या कडेने चालत निघाला. तिसऱ्या जोडापाशी वाकला. पट्टी वितळून तारेला चिकटली होती आणि जोडावरचं प्लॅस्टिक हाताला अजून गरम लागत होतं.

“भाऊ, तुमची वीज इथं गेली. पाण्याला तीन इंची पाइप टाकलाय आणि विजेला सुतळी.”

मग तिथेच बांधावर बसून त्याने खडूने मोटरीच्या खोक्यावर हिशेब मांडला. वीज वाहताना प्रत्येक तार तिला अडवते, त्या अडवण्याला रोध म्हणतात. तार जितकी लांब तितका रोध जास्त, जितकी जाड तितका कमी. ही ४०० मीटरची अडीचची तार साधारण ४.८ ओहमची. प्रवाह नसेल तर रोध काहीच खात नाही, म्हणून मोटर बंद असताना काटा पुरा दिसतो. थोरल्याला फसवलं होतं ते या पुऱ्या काट्यानेच. प्रवाह सुरू झाला की प्रत्येक तारेत प्रवाह गुणिले रोध एवढे व्होल्ट वाटेतच गळतात. उष्णतेचा हिशेब तर याहून कडक आहे. जेम्स जूल या इंग्रजाने १८४१ मध्ये दाखवून दिलं की तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. बारा गुणिले बारा गुणिले ४.८ म्हणजे एका तारेत सुमारे ६९० वॅट. तीन तारांत २०७० वॅट.

“एक एचपी म्हणजे ७४६ वॅट,” मिस्त्री म्हणाला. “म्हणजे पावणेतीन एचपी तुम्ही माती तापवायला खर्च करताय. तासाला दोन युनिट. बिल येत नाही म्हणून दिसत नाही. आणि मोठी मोटर आणलीत तिथं तर घात झाला. तिचा प्रवाह दीडपट, म्हणजे तारेतली उष्णता सव्वादोनपट. व्होल्टेज आणखी पडलं. व्होल्टेज पडलं तरी मोटरीवरचं पाण्याचं ओझं तेच, म्हणून ती आणखी प्रवाह मागते, आणि तोच प्रवाह तिची गुंडाळी जाळतो.”

हाच हिशेब मोठ्या वीजकेंद्रालाही लागतो. मंचेरियल जिल्ह्यातल्या जयपूरला सिंगरेणी या कोळसा कंपनीचं १२०० मेगावॅटचं वीजकेंद्र आहे, आणि तिथली वीज चार लाख व्होल्टवर चढवून बाहेर पाठवतात ती याच कारणाने. व्होल्ट जास्त ठेवले की तेवढीच शक्ती थोड्या प्रवाहात जाते आणि वाटेतली तूट घटते. शेतकऱ्याला व्होल्ट वाढवता येत नाहीत. त्याच्या हातात तारेची जाडी आणि लांबी, एवढंच आहे.

“पण हा फेरा कशाला घातला?” मिस्त्रीने विचारलं. “डीपी तर ती समोर दिसते.”

थोरला बोलेना. शेवटी त्याची बायको म्हणाली, “दोघा भावांचं बोलणं नाही, मिस्त्री. सरळ वाट धाकल्या भाऊजींच्या शेतातून जाते.”

“मग वहिनी, निम्मा रोध तारेचा आहे. बाकीचा तुमच्या घरातला. मी गुंडाळी भरू शकतो, ते काही मला भरता यायचं नाही.”

त्या संध्याकाळी थोरला बांधाचा फेरा न घालता थेट धाकट्याच्या दारात गेला. चोरीचा आळ घेतला होता तो परत घेतला आणि केबलीपुरती वाट मागितली. धाकटा म्हणाला, “दादा, वाट मागायची असते का? पण खोल गाडू, माझा नांगर लागायला नको.” दुसऱ्या आठवड्यात दोघांनी मिळून चर खणला, पाइप टाकला आणि त्यातून सहाची केबल ओढली, एकसंध, मध्ये एकही जोड नाही. मोठी मोटर विकली आणि जुनी पाच एचपीचीच पुन्हा बसवली.

आता ती साडेसात अँपिअर घेते. चालू असताना काटा ३९८ वर उभा राहतो. तारेत वाया जाणारी शक्ती दोन हजार वॅटवरून १७० वर आली आहे, आणि पाटाला पाणी आधीच्या मोठ्या मोटरीपेक्षा जास्त आहे.

तुमच्याही विहिरीवर मोटर कण्हत असेल, तर नवी घेण्याआधी जाणत्या माणसाकडून व्होल्टेज दोनदा मोजून घ्या, एकदा मोटर बंद असताना आणि एकदा चालू असताना. फरक चाळीसच्या वर निघाला तर मोटर आहे तीच राहू द्या, केबल बदला. आणि जोडाला हात लावण्याआधी डीपीवरचा स्विच बंद आहे, हे स्वतः जाऊन बघा.