मुकी चूक

‘सर, झालं. ॲरे दहाचा होता, तो शंभरचा केला. आता चालतंय.’

सी शिकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या एका मुलाचा हा निरोप काही केल्या डोक्यातून जात नाही. त्याआधी त्याने स्क्रीनचा तिरका फोटो पाठवला होता आणि खाली एवढंच लिहिलं होतं: ‘लूप थांबत नाही, प्लीज बघा ना.’ मी काही विचारण्याआधीच हा दुसरा निरोप आला आणि त्याच्यापुरता विषय मिटला. लूप थांबत नव्हता, ॲरे मोठा केल्यावर थांबला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असा प्रश्न त्याला पडलाच नाही. हेच मला खुपत राहिलं.

प्रोग्रॅमिंगच्या शंका ऐकताना माझा एक आग्रह असतो. विचारणाऱ्याने आधी प्रश्न लहान करावा. तीनशे ओळींचा प्रोग्रॅम पुढे ढकलू नये. चूक ज्यात दिसते अशा दहा ओळी वेगळ्या काढाव्यात. कंपायलर कोणता, त्याला पर्याय कोणते दिले, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे लिहावं आणि मग विचारावं. निम्म्या शंका तेवढ्या खटपटीतच सुटतात. या आग्रहाची बाजू मांडावी म्हणून मी लिहायला बसलो.

कंपायलर म्हणजे काय, त्याची आणि इंटरप्रीटरची वाट कुठे वेगळी होते, हे वाचकांना ठाऊक आहे. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क टू यंत्रात सापडलेल्या पतंगाची गोष्टही सर्वांनी ऐकलेली आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो एकच भेद: काही चुका बोलक्या असतात, काही मुक्या.

बोलक्या चुकांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सेमीकोलन राहिला की कंपायलर थांबतो आणि ओळीचा क्रमांक सांगतो. कधी कधी तो क्रमांक पुढच्या ओळीचा असतो, कारण आधीचं विधान संपलेलं नाही हे त्याला पुढचा शब्द आल्यावरच कळतं. एखादा महिरपी कंस राहून गेला तर तक्रारींची रांग लागते, तेव्हा पहिली तक्रार दुरुस्त करून बाकीच्या तूर्त सोडून द्यायच्या. लिनक्सवर वर्गमूळ काढणारा प्रोग्रॅम अक्षर न् अक्षर बरोबर असूनही ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणून अडतो. मॅथच्या हेडर फाइलमध्ये त्या फंक्शनची फक्त घोषणा असते, त्याचा खरा यंत्रभाषेतला मजकूर वेगळ्या लायब्ररीत असतो आणि ती लायब्ररी जोडण्यासाठी लिंकरला ‘डॅश एलएम’ सांगावं लागतं. हे एकदा समजलं की कायमचं समजतं. कारण चुकीने स्वतः तोंड उघडलेलं असतं.

आता त्या मुलाचा लूप. दहा विद्यार्थ्यांच्या गुणांसाठी त्याने दहा घटकांचा ॲरे घेतला होता. सीमध्ये घटकांची मोजणी शून्यापासून होते, म्हणजे शेवटच्या घटकाचा क्रमांक नऊ. प्रत्येक घटकात शून्य भरणाऱ्या त्याच्या लूपची अट मात्र ‘दहापेक्षा लहान किंवा दहाइतका’ अशी होती. त्यामुळे लूप अकराव्यांदा फिरला आणि ॲरेच्या हद्दीबाहेरच्या जागेत शून्य लिहून आला. त्या जागेत कोण राहतं? भाषेचा नियम यावर काहीच सांगत नाही. त्याच्या कंपायलरने तिथे लूप मोजणारा ‘आय’ ठेवलेला होता. प्रोग्रॅमने दहाव्या क्रमांकाच्या घटकात शून्य भरलं म्हणजे प्रत्यक्षात ‘आय’लाच शून्य केलं. मग तो पुन्हा एकपासून वर चढू लागला, पुन्हा दहावर पोचून शून्य झाला, आणि हे असंच चालू राहिलं. दुसऱ्या एखाद्या कंपायलरने ‘आय’ वेगळ्या जागी ठेवला असता तर हाच प्रोग्रॅम मुकाट्याने संपला असता आणि परीक्षकाने सही केली असती. मध्ये एखादा प्रिंटएफ घातला तरी मांडणी बदलू शकते आणि बिघाड दिसेनासा होतो. ‘घरी चालतं, लॅबमध्ये चालत नाही’ ही विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार अनेकदा इथूनच येते, आणि ती खोटी नसते.

ॲरे शंभरचा केल्यावर काय झालं ते पाहण्यासारखं आहे. अट तशीच राहिली. विद्यार्थी दहा, फेऱ्या अकरा. फक्त आता अकरावी फेरी ॲरेच्या हद्दीत पडते, म्हणून काही मोडत नाही. आधीची चूक निदान एखाद्या साधनाने पकडली असती. या दुरुस्तीनंतर स्मृती तपासणारं कोणतंही साधन तिला पकडू शकणार नाही, कारण स्मृतीचा कोणताच नियम आता मोडला जात नाही. मुक्या चुकीला त्या मुलाने आणखी खोल पुरून टाकलं.

माझा एक जुना सहकारी, आता एका सॉफ्टवेअर कंपनीत वरच्या हुद्द्यावर आहे, त्याच्याशी यावर वाद झाला. त्याचं म्हणणं थेट होतं: ‘अरे, कारणं कशाला उकरत बसायची? एरर आली की एआयला टाकायची, तो सांगेल ते करायचं. पोरांना उत्तर हवं असतं, प्रवचन नको असतं. आणि चालतंय ना, मग हात लावू नये.’

त्याच्या बोलण्यातला मोठा भाग मला मान्य आहे. बोलक्या चुकांसाठी मला विचारायची खरंच गरज उरलेली नाही. लिंकर काय म्हणतो हे एखादा चॅटबॉट माझ्यापेक्षा लवकर आणि न चिडता समजावतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी संदेशाचा अर्थ मराठीत विचारता येतो, ही तर मला फार मोलाची गोष्ट वाटते. या मुलांनी वर्षानुवर्षं तो संदेश वाचण्याऐवजी त्याचा फोटोच पाठवला आहे. पूर्ण प्रोग्रॅम दिला तर लूपची ती अटही एआयच्या नजरेतून सुटणार नाही, हेही मान्य. पण सहकाऱ्याचं शेवटचं वाक्य मला मान्य नाही. कंपाइल होणाऱ्या भाषेत ‘चालतंय’ याचा अर्थ एवढाच, की या यंत्रावर, या कंपायलरखाली, या इनपुटवर, आज काही मोडलेलं दिसलं नाही. त्यावरून हात काढून घ्यायचा की नाही हे ठरवता येत नाही. शिवाय त्याच्या उपायाची सुरुवातच ‘एरर आली की’ अशी आहे. जिथे एरर येतच नाही तिथे तो कोणाला काय टाकणार?

सी इतकी गप्प का, याला इतिहास आहे, आणि त्यासाठी विषयापासून थोडं लांब जावं लागेल. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली ती पीडीपी-११ या यंत्रासाठी. स्मृती इतकी तुटपुंजी की कंपायलर लहान ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. प्रत्येक वेळी ॲरेची हद्द तपासायची तर वेळ आणि जागा दोन्ही खर्च होणार, आणि भाषा वापरणारे लोक तर ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणारे. संशयास्पद मजकूर हुडकण्याचं काम म्हणून एका वेगळ्या प्रोग्रॅमकडे गेलं. स्टीफन जॉन्सन यांनी त्याच प्रयोगशाळेत १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो लिहिला, नाव लिंट. तपासणी हवी असेल तर लिंट चालवा, नको असेल तर कंपायलर तुमच्यावर विश्वास ठेवेल, अशी ती वाटणी होती. त्या काळात ती शहाणपणाचीच होती. पुढे १९८९ साली प्रमाणित झालेल्या सीने ही शांतता नियमात बसवली: काही कृती केल्या तर पुढे काय होईल यावर प्रमाणग्रंथ कोणतंच बंधन घालत नाही. पुढच्या आवृत्त्यांच्या परिशिष्टातली अशा कृतींची यादी सुमारे दोनशेपर्यंत जाते.

आपल्याकडे ही भाषा बहुतेकांना भेटली ती टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. बोर्लंडने १९८७मध्ये बाजारात आणलेलं हे साधन त्या काळासाठी उत्तमच होतं. पण डॉस नामशेष झाल्यावरही महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांत ते डॉसबॉक्समध्ये जिवंत ठेवलं गेलं. डॉसमध्ये एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या स्मृतीत लिहू नये अशी सोयच नव्हती. शून्य पत्त्यावर लिहिलं तर आजचा लिनक्स तिथल्या तिथे ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणून प्रोग्रॅम थांबवतो. टर्बो सी प्रोग्रॅम शेवटपर्यंत चालू द्यायचा आणि संपल्यावर ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ एवढंच छापायचा. कोणती ओळ, कोणता पॉइंटर, काही नाही. तोवर पडदा पुन्हा एडिटरवर आलेला असे, आणि आल्ट-एफ-५ दाबून मागचा पडदा पाहणाऱ्यालाच तो संदेश दिसे. चूक घडल्यानंतर, बाजूला उभं राहून, एकदाच पुटपुटायची. मुलांच्या पिढ्या यावर तयार झाल्या. मग त्यांनी ॲरे शंभरचा करायला शिकावं, यात नवल ते काय?

हे केवळ नवशिक्यांचं होतं असंही नाही. २००९ साली लिनक्सच्या कर्नलमध्ये टन नावाच्या नेटवर्क ड्रायव्हरात एक भेग सापडली. एका फंक्शनने हाती आलेला पॉइंटर आधी वापरला होता आणि तो शून्य आहे का, हे त्यानंतरच्या ओळीत तपासलं होतं. जीसीसी या कंपायलरचा तर्क नियमाला धरून होता: पॉइंटर वापरून झाला आहे, शून्य पॉइंटर वापरणं भाषेत वैध नाही, म्हणजे तो शून्य नसणारच, म्हणजे खालची तपासणी निरर्थक. ऑप्टिमायझेशन करताना त्याने ती तपासणीच उडवली. तपासणी मजकुरात होती, यंत्रभाषेत नव्हती, आणि त्या भेगेतून यंत्रावर पूर्ण ताबा मिळवता आला. अनुभवी माणसांनी वाचून स्वीकारलेला मजकूर होता तो. त्यानंतर अशा तपासण्या काढू नका, असा स्पष्ट पर्याय देऊनच कर्नल कंपाइल होऊ लागला.

इथे पोचल्यावर माझा आग्रह मला डळमळीत वाटू लागतो. प्रश्न लहान करून आणा, असं मी म्हणतो. बोलक्या चुकीच्या बाबतीत ते न्याय्य आहे, कारण ओळ क्रमांक हातात आहे. पण मुक्या चुकीत बिघाड दिसतो एका ठिकाणी आणि जन्मतो दुसऱ्याच ठिकाणी. त्या मुलाला दिसलं ते एवढंच, की लूप थांबत नाही. त्यातून ॲरे आणि त्याची हद्द एवढ्याच ओळी वेगळ्या काढायच्या तर दोष ॲरेच्या हद्दीत आहे हे आधी माहीत हवं. माहीत असतं तर त्याने विचारलंच नसतं. उलट त्याने ओळी कमी केल्या असत्या तर मांडणी बदलून बिघाड गायबही झाला असता, आणि मी त्याला ‘माझ्याकडे तर चालतंय’ असं उत्तर दिलं असतं. माझी अट पाळण्यासाठी उत्तर आधीच हाती असावं लागतं. ती त्याच्याकडून मागणं अन्यायाचं आहे. सहकाऱ्याला मी जो आक्षेप घेतला, की चूक बोलतच नसेल तर तुझा उपाय चालणार कुठून, तोच मला लागू पडतो.

मग जबाबदारी कोणाची? माझं उत्तर आता असं आहे: चुकीला बोलतं करण्याची जबाबदारी आधी साधनांची आणि शिकवणाऱ्यांची, आणि मगच विचारणाऱ्याची. साधनं तर कधीच तयार आहेत. ‘डॅश वॉल’ दिला की स्कॅनएफमध्ये पत्त्याचं चिन्ह विसरल्याचा इशारा जीसीसी देतो. चालत्या प्रोग्रॅमची स्मृती तपासणारा ॲड्रेस सॅनिटायझर २०१२मध्ये क्लँग या कंपायलरसोबत आणि २०१३मध्ये जीसीसीसोबत आला. त्याने प्रोग्रॅम साधारण दुप्पट हळू चालतो. पण त्या मुलाच्या लूपने अकरावा घटक लिहिताच तो थांबवतो आणि कोणत्या ओळीने कोणत्या ॲरेची हद्द ओलांडली हे नावानिशी सांगतो. जी वाट प्रोग्रॅमने चालून पाहिली नाही, तिच्याबद्दल सॅनिटायझर बोलू शकत नाही, ही त्याची मर्यादा. रस्ट या भाषेने याच्या पुढे जाऊन भाषेचा नियमच बदलला. २०१५मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती आली. तिथे हाच लूप लांबी दहा आणि क्रमांकही दहा असल्याचं सांगून जागीच थांबतो. २०२२च्या डिसेंबरमध्ये लिनक्सच्या ६.१ या आवृत्तीने रस्टला कर्नलचं दार उघडलं. पीडीपी-११च्या तंगीतून आलेल्या शांततेचं कारण कधीच संपलं आहे. आज ती शांतता पाळली जाते ती सवयीने.

विचारणाऱ्याकडून मी आता दोनच गोष्टी मागेन: जे दिसलं ते जसंच्या तसं सांगावं, आणि ज्या बदलाने बिघाड गेला तो बदल लपवू नये. त्या मुलाने ही दुसरी गोष्ट आपणहून केली होती. ‘दहाचा शंभर केला’ हा त्या संभाषणातला सर्वांत उपयोगी पुरावा होता. दोष कुठे आहे हे मला त्यावरूनच कळलं.

आणि शिकवणाऱ्यांना विनंती. आपल्या प्रात्यक्षिकांच्या जर्नलमध्ये उद्दिष्ट असतं, सिद्धान्त असतो, प्रोग्रॅम असतो, आउटपुट असतं, निष्कर्ष असतो. चुकीला त्यात जागा नाही. प्रत्येक प्रयोगामागे एक पान चुकीसाठी ठेवा: काय दिसलं, काय करून पाहिलं, कारण काय निघालं. पहिल्याच तासाला मुलांना मुद्दाम दहाच्या ॲरेत अकरावा घटक लिहायला लावा, एकदा साधं कंपाइल करून आणि एकदा सॅनिटायझर लावून, आणि दोन्ही वेळी काय झालं ते वहीत उतरवून घ्या. तोंडी परीक्षेत प्रोग्रॅम काय करतो हे विचारून झालं की तो कुठे अडला होता हेही विचारा. यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. जीसीसी आणि क्लँग दोन्ही मोफत आहेत, आणि लॅबमधल्या साध्या लिनक्स यंत्रावर हे येत्या प्रात्यक्षिकापासून करता येतं.