उणीव आधी, गोळी नंतर

पूरक म्हणजे उणे असलेले पुरे करणारे. जीवनसत्त्वे, खनिजे आणि वनौषधी यांचा रोजच्या आरोग्यासाठी उपयोग होतो तो एवढ्याच अर्थाने. ज्याच्या शरीरात एखादे सत्त्व कमी आहे त्याला ते दिले की फरक पडतो, आणि तो कधी कधी थक्क करणारा असतो. ज्याला काहीच कमी नाही त्याच्या हाती बहुधा औषधाचे बिल तेवढे येते.

याचा एक मोठा पुरावा मुंबईचा आहे. ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर 1928 साली मुंबईत आली. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना जिवावर बेतणारा रक्तक्षय होत होता. त्यांचा आहार तपासून तिने शोध घेतला आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने हा रक्तक्षय बरा होतो असे 1931 मध्ये दाखवून दिले. त्यात नेमके काय होते हे पुढे उलगडले. 1941 मध्ये ते द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले आणि पानावरूनच त्याला फॉलिक अ‍ॅसिड हे नाव मिळाले. आज गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात जी गोळी मिळते तिच्यातला अर्धा वाटा असा गिरणगावातल्या बायकांच्या दुखण्यातून आलेला आहे.

दुसरा अर्धा वाटा लोहाचा. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या सुमारे 54 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. बीडहून धाराशिवकडे जाणाऱ्या महामार्गावरच्या चौसाळ्यात आणि भोवतालच्या बालाघाटच्या गावांत हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, करडईची किंवा अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी असे इथले जेवण. त्यात लोह आहे. पण धान्य-भाजीतले लोह शरीर फार थोडे शोषते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर त्याहून कमी. भाकरीसोबत अर्धे लिंबू पिळले किंवा आवळा खाल्ला तर हेच लोह जास्त अंगी लागते. याला पैसा लागत नाही, म्हणून याची जाहिरातही होत नाही.

तरीही रक्त फार उतरले असेल तर नुसत्या जेवणाने ते भरून निघत नाही, गोळीच लागते. सरकारी कार्यक्रमात गरोदरपणी 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची गोळी निदान 180 दिवस रोज घ्यायची असते. प्रत्यक्षात पुष्कळदा बाई थोड्याच दिवसांत ती बंद करते. मळमळते, पोट साफ होत नाही, शौचाला काळे होते, आणि काळे पाहून घरातली थोरली बाईच म्हणते, ‘सोडून दे ती गोळी, उष्णता करते.’ हे काळे होणे म्हणजे न शोषलेले लोह. ते अपायाचे नाही. गोळी रात्री भाकरी खाऊन घेतली की मळमळ कमी होते. कॅल्शियमची गोळी मात्र तिच्यासोबत घेऊ नये, वेगळ्या वेळी घ्यावी. एवढे दोन शब्द गोळी देताना कुणी सांगितले तर पुष्कळ पाकिटे फडताळात पडून राहणार नाहीत.

एक गोळी सगळ्या उणिवा भरत नाही हे पुण्याजवळच्या सहा गावांनी शिकवले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून तिथल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिक मातांमध्ये बी-12 कमी होते. हे जीवनसत्त्व दूध-दही, अंडी, मांस-मासे यांतून मिळते. भाजी-भाकरीत ते नसते. ज्या मातांमध्ये फॉलेट भरपूर आणि बी-12 कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. शिवाय एकटे फॉलिक अ‍ॅसिड दिले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि बी-12 अभावी नसांचे नुकसान आतून चालूच राहते. हातापायांना मुंग्या येत असतील तर म्हणूनच आधी रक्त तपासावे.

जास्तीचाही धोका असतो. सी आणि बी गटातले जास्तीचे बहुतेक लघवीवाटे निघून जाते. ए आणि डी शरीरात साठतात. डी जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी साधारणपणे आठवड्याला एक असते. ती रोज घेत राहिल्यास रक्तात कॅल्शियम चढते आणि मूत्रपिंडाला इजा होते.

वनौषधींना हेच माप लावावे. आजीचा तुळस-आल्याचा काढा सर्दीत घशाला आराम देतो, त्याला कुणाची हरकत नसावी. महिनोन्‌महिने रोज घेतला जाणारा अर्क मात्र औषधच असतो. करोनाच्या साथीत घरोघर गुळवेल उकळली गेली. मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी असे म्हटले. वाद बाजूला ठेवला तरी घेणाऱ्याचा प्रश्न उरतोच. रस्त्याकडेला मिळालेली कांडी कुठल्या वेलीची, हे ओळखायचे कसे? आणि डब्यावर ‘नैसर्गिक’ लिहिले म्हणजे यकृत सूट देत नाही. रक्तदाबाची, साखरेची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कुठलीही पावडर डॉक्टरांना दाखवूनच घ्यावी.

शहरात ज्यांच्या ताटात दूध, फळे, अंडी सगळे आहे त्यांच्या कपाटात मल्टिव्हिटॅमिनच्या बाटल्या असतात. जिला खरेच उणे आहे ती बाई दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्याच्या वाटेला लागते, आणि दवाखान्याचे कार्ड गावातच राहते. गोळ्यांचा क्रम तुटतो तो इथे. म्हणून उचल घेऊन बिऱ्हाड गाडीत चढण्याआधी तिची हिमोग्लोबिनची तपासणी व्हावी आणि हंगाम पुरेल इतकी पाकिटे, घ्यायची रीत सांगून, तिच्या पदरात बांधून द्यावीत.