वेडाची पावती

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. वेड्यानं चढावी की नाही, याबद्दल आपले पूर्वज काही बोललेले नाहीत. इंग्रज बोलले, आणि तेही एका बँकेच्या पावतीच्या कृपेनं. मी पडलो बँकेतला कारकून, त्यामुळे या पावतीबद्दल मला जरा जास्तच आपुलकी.

२० जानेवारी १८४३ रोजी लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन नावाच्या एका स्कॉटिश काताऱ्यानं पंतप्रधान पील समजून त्यांच्या चिटणिसालाच पाठीमागून गोळी घातली. चिटणीस पाच दिवसांनी वारला. सत्ताधारी पक्ष आपल्या मागावर आहे, असं मॅकनॉटनच्या डोक्यानं घेतलं होतं. झडती घेतली तर याच्यापाशी साडेसातशे पौंडांची बँकेची पावती! त्या काळी एखाद्या काताऱ्याकडे म्हणजे घबाडच. हे पैसे त्याच्या बचावासाठी मोकळे करून मिळाले. मग काय, नामांकित वकील आले, नऊ डॉक्टर आले. त्यातल्या एकानं तर आरोपीला फक्त कोर्टात बसून पाहिलं होतं, पण त्याचंही मत पडलं, वेडा आहे. सरकारनं उलट बाजूनं एकही डॉक्टर उभा केला नाही. न्यायाधीशांनी खटला तिथंच आवरला. मॅकनॉटन सुटला, व्हिक्टोरिया राणी चिडली, आणि त्या चिडण्यातून वेडाचे नियम तयार झाले. आपल्या १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ८४ त्याच साच्यातलं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम २२ म्हणून नांदतं आहे.

आता, मॅकनॉटन ढोंगी होता असं मी मुळीच म्हणत नाही. ‘सुटला’ म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात गेला आणि १८६५ साली तिथंच वारला. बावीस वर्षं कोण ढोंग करील? माझं कुतूहल एवढंच, की पावती नसती तर त्याचं हे खरंखुरं वेड कोणाला दिसलं असतं?

दर नोव्हेंबरात आमच्या काउंटरवर पेन्शनर येतात. समोर उभे राहून खोकतात, पंखा लावा म्हणून ओरडतात, तरी आम्ही त्यांच्याकडे हयातीचा दाखला मागतोच. वेडाचंही तसंच. डोळ्यांना कितीही दिसलं तरी दाखला हवा. दाखल्याला डॉक्टर हवा, आणि डॉक्टरला जुनी फाईल हवी. झोप कधी उडाली, गोळ्या कुठल्या, कोणत्या इस्पितळात किती दिवस. शिवाय आपल्याकडे हे सिद्ध करायचं ओझं आरोपीच्याच डोक्यावर. ज्याला घरच्यांनी तीन अमावास्या देवऋषाकडे नेलं, त्यानं काय दाखवावं? अंगाऱ्याची पावती देत नाहीत.

उलट पैसा असला की दाखला दोन्ही बाजूंनी छापून मिळतो. पिट्सबर्गचा गर्भश्रीमंत हॅरी थॉ. यानं १९०६ साली न्यूयॉर्कमध्ये भरल्या नाट्यगृहात एका प्रसिद्ध वास्तुविशारदाला गोळ्या घातल्या. कोठडीत जेवण यायचं ते डेल्मोनिको या बड्या हॉटेलातून. १९०८ साली वेडा ठरून सुटला. वेड्यांच्या इस्पितळातून १९१३ साली बाहेर उभ्या असलेल्या मोटारीत बसून थेट कॅनडाला पळाला, आणि १९१५ साली शहाणा ठरून मोकळा झाला. एकाच खात्यातून आधी वेडाचे पैसे गेले, मग शहाणपणाचे!

हा किस्सा ऐकून आमचे हेड कॅशियर भडकले. म्हणाले, ‘‘ही डॉक्टरी तपासणीच बंद करा राव. सगळ्यांना एकच माप!’’ कॅशियरचा हिशेब नेहमी सरळ असतो, पण इथं चुकतो. शेजाऱ्याला औषध मिळालं म्हणून दुकानातली बाटली फोडायची? अमेरिकेनं हेच केलं. १९८१ साली रेगनवर गोळ्या झाडणारा हिंक्ली हा एका तेल कंपनीच्या मालकाचा मुलगा. १९८२ साली ज्यूरीनं त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं. देश खवळला, आणि १९८४ साली केंद्राचा कायदा आवळला गेला: वेड आता आरोपीनं भक्कम पुराव्यानिशी सिद्ध करायचं. हिंक्ली तोवर दारातून आत गेला होता. दार अरुंद झालं ते मागून येणाऱ्यांसाठी, आणि त्यांचे बाप काही तेल कंपन्या चालवत नव्हते.

आर्कान्सामधल्या रिकी रे रेक्टर या काळ्या माणसानं १९८१ साली एका पोलिसाला ठार मारलं आणि नंतर स्वतःच्याच डोक्यात गोळी झाडली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण मेंदूचा पुढचा भाग गेला. आपल्यावर काय खटला चाललाय हे त्याला कळतं का, एवढाच प्रश्न होता. कळतं, असं कोर्टानं ठरवलं. राज्याचे गव्हर्नर क्लिंटन तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात होते. तो सोडून ते राज्यात परतले, पण शिक्षा काही थांबवली नाही. २४ जानेवारी १९९२ रोजी रेक्टरला मृत्युदंड दिला गेला. शेवटच्या जेवणात त्याला एक गोड पाय दिला होता. बाकी सगळं खाल्लं, तो पदार्थ मात्र त्यानं बाजूला काढून ठेवला. नंतर खाईन म्हणाला.