सकाळी देऊन टाकलेला दिवस

उठल्या उठल्या क्रूसाची खूण करायची आणि आजची प्रार्थना, काम, सुख, दुःख सगळं येशूच्या हाती सोपवायचं, हे वळण मला आयनं लावलं. सकाळच्या अर्पणाची ही प्रार्थना कुठून आली ते फार पुढे वाचनात आलं. १८४४ साली फ्रान्समधल्या व्हाल्स गावी काही तरुण जेझुइट विद्यार्थी दूरदेशी मिशनवर जायला उतावीळ झाले होते. अभ्यासात त्यांचं मन लागेना. फादर गोत्रले यांनी त्यांना समजावलं की समोरचा अभ्यास आणि रोजचं साधं जगणंच देवाला वाहा, मिशनचं काम तेवढ्यानंही होतं.

मला हे पटतं, कारण वाहण्यासारखं मोठं काही माझ्याकडे नाही. वसईतली आमची वाडी आहे आणि राजेळी केळी आहेत. पिकलेली केळी सोलून मांडवावर उन्हात मांडायची, वरचेवर उलटायची, संध्याकाळी गोळा करून झाकून ठेवायची. काही दिवसांनी ती तपकिरी होतात, बोटांना चिकटू लागतात. मग सुकेळी केळीच्याच वाळक्या पानात घट्ट बांधायची. पुड्याच्या मधोमध एखादं अर्धवट वाळलेलं दडपलं, तर घेणाऱ्याला कळत नाही. माझ्या लेखी उपासना होते ती तिथे, आणि मोडते तीही तिथेच. सकाळी ज्याला दिवस दिला, त्याच्या मालात मी कच्चं कसं दडपू?

याहून अवघड गोष्ट सासूबाईंची. त्यांना हल्ली विसर पडतो. मी केळी उलटत असते आणि त्या ओट्यावरून विचारतात, ‘मिस्साची वेळ झाली का गो?’ सांगावं, तर जरा वेळानं पुन्हा तेच. दिवस देवाला दिला म्हणताना मनात आपली यादी तयार असते, एवढी कामं माझ्या हातून करून घे म्हणून. सासूबाईंचा प्रश्न त्या यादीत नसतो. समर्पणाचा कस लागतो तो अशा यादीबाहेरच्या वेळी. चिडून दिलेलं उत्तर आणि त्यांच्याजवळ जाऊन, हातावर हात ठेवून दिलेलं उत्तर, शब्द तेच असले तरी एक नव्हेत.

मिस्साच्या अर्पणविधीत फादर द्राक्षारसात पाण्याचा थेंब घालतात. लक्ष नसेल तर दिसतही नाही. एकदा पडला की तो थेंब वेगळा काढता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात म्हटलं की प्रापंचिकांची कामं, संसार, विसावा, सोसलेले त्रास, हे सारं मिस्साच्या अर्पणात पित्याला वाहिलं जातं. त्यामुळे रविवारी मी आठवडा बरोबर घेऊन जाते, सासूबाईंच्या प्रश्नांसकट.

पण ‘अर्पण कर’ या शब्दांचा फार वाईट वापरही होतो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘देवाला अर्पण कर, तुझा क्रूस आहे तो’ असं सांगणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि मला त्याचा संताप येतो. आपला प्राण कोणी हिरावून घेत नाही, आपण होऊन तो देतो, असं येशू सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानात ते आहे. जे मारून, दरडावून घेतलं जातं, ते बाईनं दिलेलं नसतंच. मग त्याला अर्पण कोणत्या तोंडानं म्हणायचं? नात्यातली एक मुलगी सुजलेला गाल पदरानं झाकून आमच्याकडे आली. ‘मावशी, हेही देवाला वाहायचं का?’ तिनं विचारलं. मी केळी तशीच टाकली आणि चपला घातल्या. म्हटलं, ‘आधी दवाखान्यात चल, मग पोलिसांत. प्रार्थना रिक्षात करू.’