भादाण्याचा ताम्रपट आणि सभेतली हरकत

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर यंत्रमागांचा माल आणि गोदामांकडे निघालेले ट्रक यांची दिवसभर रीघ असते. याच तालुक्यातल्या भादाणे गावाचा उल्लेख शके ९१९ च्या, म्हणजे इ.स. ९९७ च्या ताम्रपटात आहे. शिलाहार राजा अपराजिताने लोनाडच्या लोणादित्य देवासाठी हे गाव दिलं, त्याचं ते दानपत्र. पण मला त्यात दानाहून मोलाचं वाटतं ते दुसरंच. अपराजित आपल्या पूर्वीच्या धन्यांची, राष्ट्रकूटांची वंशावळ सांगतो आणि चालुक्य तैलपाने राष्ट्रकूट कक्कलाला पाडल्याचं नोंदवतो. ते साम्राज्य ९७३ मध्येच बुडालं होतं. मग चोवीस वर्षांनंतरही कोकणातला मांडलिक त्यांचं नाव का घेतो? ही निष्ठा समजायची, की चालुक्यांना धनी न मानण्याची रीत?

हा प्रश्न एकट्याने सोडवण्याचा नव्हे. कीलहॉर्न पूर्वी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत. त्यांनी हा ताम्रपट ‘एपिग्राफिया इंडिका’त पाठासह छापला. पाठ सर्वांसमोर आला, म्हणूनच वा. वि. मिराशींना १९७७ च्या शिलाहार लेखांच्या खंडात त्याचा पुन्हा विचार करता आला. सापडलेल्या वस्तूबद्दलचं आपलं म्हणणं इतरांपुढे मांडून हरकतीला वाव दिला, तेव्हाच ती इतिहासाचं साधन होते. तोवर ती कुणाच्या तरी घरची मिरास असते.

७ जुलै १९१० रोजी वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापलं. घरोघरच्या दप्तरांतले, रुमालांत बांधलेले कागद तिथल्या सभांत वाचले जाऊ लागले, त्यांवर वाद होऊ लागले, इतिवृत्तांत ते छापले जाऊ लागले. कारीच्या जेधे घराण्याची शकावली टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये मंडळाने ती प्रसिद्ध केली. शिवरायांच्या जन्माची तिथी तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी होती. रूढ समजूत मात्र शके १५४९ ची. पुढे कित्येक वर्षं खणाखणी चालली. त्या भांडणाचा मला अभिमान वाटतो, कारण पुरावा सर्वांसमोर होता आणि शेवटचा शब्द आपलाच, असं कुणालाही म्हणता येत नव्हतं.

अशा सभेत बोलण्याजोगं भिवंडी तालुक्यातही पुष्कळ आहे. लोनाडला बौद्ध लेणं आणि जुनं शिवमंदिर आहे, शिलाहार राजा दुसऱ्या अपरादित्याचा शके ११०६ चा शिलालेख तिथलाच, आणि चौधरपाड्याला केशिदेवाचा शके ११६१ चा लेख मिळाला. वाचन झालं, पण ते जाडजूड खंडांत राहिलं. ज्या गावांनी हे दगड शतकानुशतकं सांभाळले, शेंदूर लावून पुजले, त्यांना दगडावर काय कोरलं आहे ते कुणी जाऊन सांगितलं का? गोदामाच्या पायासाठी पोकलेन लागतो, तेव्हा वर आलेला अक्षरांचा दगड बाजूला काढून ठेवायचा की भरावात लोटायचा, हे चालकाला आणि जमीनमालकाला त्या क्षणी ठरवावं लागतं.

कोकण इतिहास परिषदेसारख्या संस्था अधिवेशनं भरवतात, निबंध वाचतात. अशी एखादी बैठक भादाण्यातच, गावकऱ्यांना समोर बसवून भरावी, असं मला मनापासून वाटतं. त्यात अभ्यासकांचा लाभही मोठा आहे. जुन्या दानपत्रांत गावाच्या चतुःसीमा सांगितलेल्या असतात: पूर्वेला अमुक ओढा, पश्चिमेला तमुक गाव. त्या ओढ्याला आज काय म्हणतात आणि शिवाराची मेर कुठून जाते, हे शेतात आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्याला विचारावं लागतं.