छापखाना आणि घरातले धर्मपीठ

यंत्र धर्माला तारक की मारक, हा प्रश्न आपल्याकडे हिरिरीने चर्चिला जातो. परंतु युरोपचा इतिहास पाहता तो मुळातच चुकीचा मांडला गेला आहे, असे मला वाटते. माइन्त्स शहरी गुटेनबर्गचे बायबल छापले जात होते त्याच सुमारास, १४५४-५५ साली, तेथे पापमोचनाची पत्रेही छापली जात होती. त्यांत मजकूर ठराविक आणि द्रव्य देणाऱ्याचे नाव व तारीख भरण्यापुरती जागा कोरी, जणू कचेरीतली पावतीच. पुढे १५१७ साली मार्टिन ल्यूथरने अशाच पत्रांच्या विक्रीस हरकत घेतली, आणि ती हरकत जर्मनीभर पोचविली तीही छापखान्यानेच. तेव्हा यंत्र कोणाच्या बाजूचे, हे विचारण्यात हशील नाही. धर्माचा अधिकार त्याने कोठून उठवून कोठे नेऊन बसविला, हे पाहावे.

ल्यूथरची १५२९ सालची लघुप्रश्नोत्तरी या दृष्टीने फार बोलकी आहे. आरंभी भिंतीवर लावावयाच्या तक्त्यांच्या रूपाने निघालेली ही पोथी कुटुंबप्रमुखाने मुलाबाळांस आणि चाकरमाणसांस शिकवावी, अशी तिची योजना. सकाळच्या, निजावयाच्या आणि भोजनाच्या वेळच्या प्रार्थनाही तीत आहेत. यालाच व्यक्तीची मुक्ती म्हणण्याचा प्रघात आहे. मला तो सर्वस्वी मान्य नाही. कारण घरच्या स्त्रीला आणि मोलकरणीला चर्चमधल्या धर्मगुरूच्या जोडीला आता अष्टौप्रहर घरात वावरणारा दुसरा धर्मगुरू मिळाला. मात्र ज्या मुलीस अक्षरओळख झाली, तिला बापाचे वचन मूळ ग्रंथाशी ताडून पाहण्याचीही सोय झाली, आणि हे बहुधा बापाच्या ध्यानात आले नसावे.

रोमच्या ध्यानात मात्र ते पुरते आले होते. पोप चौथा पॉल याने १५५९ साली निषिद्ध ग्रंथांची यादी जारी केली. आणि १५६४ च्या नियमांनी स्वभाषेतील बायबल वाचण्यास बिशपचा किंवा धर्मन्यायाधीशाचा लेखी परवाना आवश्यक ठरविला. त्याच रोमच्या आज्ञेतल्या जेझुइटांचा छापखाना १५५६ साली गोव्यात सुरू झाला होता, आणि त्यांच्यातल्याच थॉमस स्टीफन्सचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली साष्टीत छापले गेले; अर्थात ते बायबलचे भाषांतर नव्हे, ओवीबद्ध आख्यान होते. ती निषिद्ध ग्रंथांची यादी रोमने रद्द केली १९६६ साली.